हाकेवाचून ओ

माझी बायको मेली आणि मग माझ्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये जाऊन बसली. मी थट्टा करत नाही. मुलगी पडद्यावर गाणं लिहायचा नवा कागद उघडते, पाच-पाच रेघा ओढलेला, त्यावर अजून एक टिंब काढलेलं नसतं, तरी ओळीच्या तोंडाशी आपोआप लिहून आलेलं असतं, 'आई'. गाणं नाही, सूर नाही, पण ती येऊन बसलेली आहे. टिंब पडलं की तोंड उघडायचं, एवढंच तिचं काम.

मी चौथी शिकलेला माणूस. डहाणूला आगरच्या बाजूला आमची चिकूची वाडी आहे, त्यातच जन्म गेला. यंत्राचं मी सांगतो ते मला समजलं तेवढंच. चुकलं तर मुलीला विचारा, तिला सगळं येतं.

मुलगी तलासरीच्या बाजूला डोंगरातल्या एका आश्रमशाळेत गाणं शिकवते. पोरांसाठी गाणी बसवते, दोन-तीन गटांनी वेगवेगळं गायचं असली. ती कागदावर लिहिते आणि लॅपटॉप ते वाजवून दाखवतो. म्हणजे पोरांना कळतं, आपल्याला कुठं जायचंय. पण त्या लॅपटॉपमध्ये जे गाणारे आयते मिळतात ते तिकडचे, परदेशातले. मी ऐकलेत. थंड पाण्यात उभ्या केलेल्या बायकांसारख्या त्या सगळ्या एकदम आऽऽ करतात आणि कोणी दम घेत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, माझी पोरं आता तशीच गायला लागलीत. वारल्यांची पोरं आणि आवाज मेणाचा."

म्हणून तिनं आईला धरलं. आमच्या हिला गावात हळदीच्या गाण्यांना बोलवायचे. आवाज काही गोड नव्हता, खरं सांगतो. पण लांब जायचा, आणि बाकीच्या बायकांना त्या आवाजाच्या मागं चालता यायचं.

गेल्या उन्हाळ्यात दुपारची भांडी झाली की मुलगी तिला पडवीत पाटावर बसवायची. झोपाळ्यावर नाही, तो कुरकुरतो. पंखा बंद. समोर फोन उभा करून ठेवलेला. आणि मग एकेक सूर, खालून वर, नुसतं आऽऽ. प्रत्येक सूर लांबवून, आखूड आणि हळू, आणि प्रत्येक तऱ्हा दोन-तीनदा. मी मधे पाणी प्यायला आलो की हिचा घाम आणि तोंड दोन्ही चालू.

"आ करून बसवलंय मला. दातवाल्याकडे आलेय का मी?"

"आई, बोलू नको ना. सगळं उतरतंय."

"उतरू दे. तुझ्या बापाला नाही तरी कुठं ऐकू येतं मी दिवसभर काय बोलते ते."

ती श्रावणात गेली. सकाळी छातीत कळ आली म्हणाली, मी गाडी सांगितली, गाडी दारात येईपर्यंत ती पाटावर बसल्या बसल्या कलंडली. यापुढं त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

दिवाळी आम्ही केली नाही. सुट्टीत मुलगी घरी आली आणि आठवडाभरानं तिनं पडवीत पुन्हा लॅपटॉप मांडला, बाजूला दोन छोटे स्पीकर. शाळा उघडायच्या आत तिला ते पुरं करायचं होतं. मी म्हटलं, आताच कशाला. ती म्हणाली, आता केलं नाही तर मग माझ्याकडून होणार नाही. 

ती काय करायची ते मी झोपाळ्यावर बसून बघायचो. आईचा एकेक आवाज उघडायचा, पुढचा मागचा भाग कापायचा, आणि पेटीच्या पट्टीवर जागा असते तशा जागेवर नेऊन ठेवायचा. मग गाणं लिहायच्या त्या प्रोग्रॅमला सांगायचं, की या ओळीवर हा सूर आला तर हा आवाज माग. टिंबाखाली ठिपका असेल तर आखूड माग. बारीक लिहिलं असेल तर हळू माग. एकच सूर लागोपाठ आला तर दर वेळी दुसरा आवाज घे, कारण तोच परत आला की माणसाच्या कानाला लगेच कळतं.

"हे दर गाण्याला करायचं?" मी विचारलं.

"नाही. एकदा मांडून नाव देऊन ठेवायचं. मग कुठलंही नवं गाणं उघडलं की आई तयार."

"मांडवासारखं नाही म्हणजे. बांधा आणि सोडा."

"हा मांडव सोडायचाच नाही, बाबा."

मला ते वाक्य बरं वाटलं नाही, पण का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा तिनं वाजवलं ते पोरांचं एक गाणं होतं, तिनंच केलेलं. हिनं जन्मात ऐकलेलं नाही असं गाणं. आधी श्वास आला. मुलीनं श्वाससुद्धा कापून ठेवले होते, ओळ संपली की एक घालायची. तो श्वास मी ओळखतो. इतकी वर्षं माझ्या डाव्या अंगाला चालायचा तो. आणि मग आवाज आला, आणि माझी बायको मला माहीत नसलेलं गाणं म्हणायला लागली.

माझ्या फोनमध्ये तिचे व्हिडिओ आहेत. ते मी बघतो. त्यात ती जे बोलली तेच बोलते, पापड पलटायला सांगते, भाच्याच्या लग्नात हसते. ती गेलेली आहे हे त्या व्हिडिओला माहीत असतं असं वाटतं. इथं तसं नव्हतं. मुलगी टिंब वर सरकवायची, ही वर जायची. टिंब पुसलं की गप्प. मधेच मुलीला चहा हवा म्हणून ती उठली तर ही तोंडात सूर धरून थांबायची, पडद्यावरची रेघ थांबलेली, आणि मी एकटा समोर. दोनदा मी लॅपटॉपचं झाकण लावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, बंद करू नका, सगळं परत चालू व्हायला वेळ लागतो." मी म्हटलं, तिला बसवून ठेवू नको मग.

आता हाकेचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

चिकूच्या वाडीत झाडं इतकी दाट, की पाच झाडांपलीकडचा माणूस दिसत नाही. हाकेवरच सगळं चालतं. आम्ही दोघांनी एकमेकांचं नाव कधी घेतलं नाही. तिनं घ्यायची रीत नव्हती आणि मी घेतलं असतं तर बायका पदराआड हसल्या असत्या. मग नुसती हाक. मी विहिरीच्या बाजूनं 'हूऽऽ' करायचो आणि ती पडवीतून 'ओऽऽ' द्यायची, शेवटाला वर चढणारी. प्रत्येक वाडीची ओ वेगळी असते. आमची ऐकली की आमचे मजूरही ओळखायचे. दुपारी तिची ओ आली की सगळे झाडावरून उतरायचे, कारण त्या वेळेला मी हाक मारायचो ती जेवणाचीच. ती ओ ऐकून लोक भाकरीची फडकी सोडायचे, आणि ती ओ होती माझ्यासाठी.

आणखी एक. आमच्याकडे म्हणतात, वाडीत एका हाकेला उत्तर देऊ नये. दुसरी येऊ द्यावी. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं जे काही असतं ते एकदाच मारतं.

तर त्या सुट्टीत मी वाडीत तोडणीवर होतो. तलासरीकडून आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात ते मजूर, तीन-चार बायका आणि दोघं पुरुष. चिकू तोडायच्या जाळीच्या काठ्या वर चालल्या होत्या. अजून सकाळच होती, जेवणाला खूप अवकाश. आणि घराकडून ओ आली.

पुरी ओ. शेवटाला चढणारी.

माझ्या तोंडून 'आलोऽऽ' निघून गेलं. मी काढलं नाही, निघालं. आणि मी बघितलं तर झाडांवरची माणसं उतरत होती. कोणी काही विचारलं नाही. शिड्यांवरून एकेक पाय खाली. त्यातली सगळ्यात जुनी बाई, हिच्याबरोबर पानसुपारी खाणारी, खाली उतरून कमरेची गाठ सोडवत मला म्हणाली, "काकीनी ओ दिली ना, काका?"

मग तिच्याच लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला नाही, काही नाही. नुसती जमिनीकडे बघत उभी राहिली.

आणि ओ परत आली.

म्हणजे दुसरीही आली. पण दुसरी वेगळी असते, जिवंत माणसाची. पहिल्यापेक्षा तापलेली तरी असते, नाहीतर कंटाळलेली. ही तीच होती. केसाएवढाही फरक नाही. मग तिसरी आली, तीही तीच. एका बाईनं बाजूला थुंकलं. एक पुरुष हळूच म्हणाला, "खोकं बोलतंय ते, खोकं. बाय आलीय ना शाळेची," आणि सगळ्यांनी मान हलवली. पण कोणी परत चढलं नाही. वेळ नसताना फडकी सोडून भाकऱ्या खात बसले, खाताना एरवी चालते ती मस्करी नाही, काही नाही.

मी घरी गेलो. मुलगी पडद्यात डोकं घालून बसली होती. तोच एक सूर पुन्हा पुन्हा दाबत होती, ओठ दाबून, काहीतरी जमवत.

"हा कुठून आणलास?"

"कुठला?"

"आत्ता दाबलास तो."

"आईचाच आहे, बाबा. सगळ्यात वरचा. तिला तो लागतच नव्हता, घसा ताणायची. मग मधेच एकदा तुम्ही वाडीतून हाक मारलीत, ती उठून ओ देऊन आली. आणि ओ देताना बरोबर लागला. फोन चालूच होता. मी मागचं पुढचं कापून तोच घेतला. त्याला दुसरा आवाज नाहीच, एकच आहे, म्हणून जरा यंत्रासारखा वाटतो. तेच बघतेय."

मी झोपाळ्यावर बसलो. मला राग आला होता आणि रागानं माझं बोलणं आधीच वाकडं असतं ते आणखी होतं.

"तो सूर नाही. ती ओ आहे. मला दिलेली."

"बाबा..."

"बाकी सगळं ने. श्वास ने. पोरांना द्यायचं ते दे, मी आडवा येत नाही. ही काढ. कोणाच्याही गाण्यात ती माझी ओ देत बसणार नाही."

 मग तिनं ती काढली, माझ्यासमोर. पण गाणं त्या जागेवर आलं की तिथं भोक पडायला लागलं. ही चढत चढत वर जायची आणि नेमकी वर पोचली की नाहीशी व्हायची, मग एकदम खालच्या सुरावर परत. मुलगी म्हणाली, "मी पोरांना काय शिकवू? इथं आलं की गप्प बसा?"

दुसरा उपाय होता. खालचा सूर ताणून वर न्यायचा. तो तिनं मला ऐकवला, आणि तो ऐकवायला नको होता. ताणला की आवाज लहान होतो. माझ्या पडवीत एक पोरगी ओरडली, तेरा-चौदा वर्षांची. हिचाच आवाज, पण मी हिला बघायच्या आधीचा. लग्नाच्या आधी ती विवळवेढ्याच्या बाजूला आजोळी असायची, तिथल्या शेतात अशीच ओरडत असणार कोणाला तरी. मला ते बघायचा हक्क नाही असं वाटलं. उघड्या दारातून कोणाच्या न्हाणीत नजर जावी तसं.

"हे नको," मी म्हटलं.

"मग तेही नको, हेही नको."

"भोक राहू दे."

त्यावर ती जे बोलली ते ऐकायला मी तयार नव्हतो. तिनं तो अख्खा संच, आईचा, ओ सकट, आधीच पुण्याला एका मित्राला पाठवला होता. तो याच धंद्यातला, असले आवाज नीटनेटके करून देतो. त्यानं नीट केला की दुसऱ्या शाळांतल्या गाण्याच्या मास्तरांनाही तो मिळणार होता. ज्याला हवा त्यानं आपल्या लॅपटॉपवर चढवायचा, नवं गाणं उघडायचं, आई तयार.

"मला विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं?" ती वळून म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आई माझीही होती."

दुपारी आम्ही जेवलो. भात तिनंच केला होता, त्यात मीठ नव्हतं. दोघांनीही वरून घेतलं नाही.

जेवण झाल्यावर मी विचार करत पडलो होतो. पुण्यात कोणीतरी बसलंय, कानाला यंत्र लावून, आणि माझी बायको त्याला ओ देतेय. त्यानं हाक मारलेली नाही. त्याला माहीत नाही ती का ओ देतेय. तो बोट उचलतो, ठेवतो, आणि ती दर वेळी पडवीच्या कडेला येऊन डोळ्यांवर हात धरून वाडीकडे बघते, आणि वाडीत कोणी नसतं. उद्या अशा बारा गावांच्या शाळांत. पोरं चुकली की मास्तर पुन्हा वाजवणार, आणि ती पुन्हा उठणार. मेलेल्या माणसाला तरी बसू द्यावं.

मुलगी माझ्या खाटेशी आली. फोन हातात होता. म्हणाली, "मी त्याला सांगते तो सूर काढायला. तुमच्यासमोर सांगते. चला." आणि फोन मोठ्यानं लावून खाटेवर ठेवला.

पुण्याचा तो मुलगा बोलण्यात नम्र होता. मुलीनं त्याला सांगितलं, वरचा सूर काढून टाक, घरी नको आहे. तो म्हणाला, "बरं झालं तू फोन केलास, मी त्याचंच विचारणार होतो. आवाज अप्रतिम आहे गं. पण त्याच्यात मागं काहीतरी आहे."

"काय आहे?"

"खूप लांब. स्पीकरवर नाही कळणार, हेडफोन लावला तर कळतं. आईंचा सूर सुरू असतानाच शेवटाकडे मागून एक पुरुष हाक मारतो. मला वाटलं शेजारी कोणी असेल. मी ते साफ करू शकतो, फार काम नाही. त्यांचा आवाज एकटा राहील, स्वच्छ. मग काढायचीही गरज नाही."

मुलीनं माझ्याकडे बघितलं.

मला धीर कधीच नव्हता. हाक मारायची आणि लगेच दुसरी मारायची, तिची ओ पुरी व्हायच्या आत. ती सांगायची, "अहो, ओ तर घेऊ द्या पुरी, मागं वाघ लागलाय का?" मुलीनं मागचं पुढचं कापलं तेव्हा माझी पहिली हाक गेली. दुसरी गेली नाही. ती हिच्या आवाजाच्या आत होती, तिला कापता येत नव्हतं.

"काका ऐकतायत का?" फोनमधून आलं. "काका, मग तो मागचा आवाज काढू ना?"

"काढू नको."

"म्हणजे सूर काढू?"

"काहीच काढू नको," मी म्हटलं. "तो माणूस काढलास तर ती कोणाला ओ देतेय मग?"

 मग तो म्हणाला, "पण काका, एखाद्याला ऐकू येईल. तक्रार करतील, मागं कोणीतरी आहे म्हणून."

"आहे तर आहे."

मुलगी खाटेच्या कडेला बसली. तिनं मला विचारलं, ऐकता का एकदा, कानाला लावून. मी नको म्हटलं. मी तिथं होतो, मला माहीत आहे मी काय ओरडलो ते. फक्त एवढं सांगितलं, की वाडीत माणसं झाडावर असतील तेव्हा वाजवू नको, कोणी पडेल.

शाळा उघडली. ते गाणं तिनं बसवलं. मी गेलो नाही, मला एवढा घाट चढवत नाही आता आणि जायचंही नव्हतं. पण मी माझ्या खाटेवर पडलेला असतो तेव्हा कधी कधी तिकडे डोंगरात मी हाक मारत असतो, हे मला कळतं. सकाळचा तास असला की सकाळी. मी मेलो तरी मारणार आहे. याची भीती वाटते की बरं वाटतं, हे मला नीट सांगता येत नाही, आणि कोणी विचारू नये.

मागल्या आठवड्यात मुलगी आली तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाली, एका पोरीला ऐकू आलं. बारीक कानाची आहे, पुढच्या ओळीत बसते. गाणं थांबवून तिनं विचारलं, "बाई, त्या आजीच्या मागं कोण आहे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, वाडीत आहेत," मुलगी म्हणाली. "येतील."